भिंतीची पाठ

कोकणात घर म्हटलं की उतार आलाच. घरापुरती जागा सपाट करायची तर वरच्या अंगाला डोंगर कापावा लागतो आणि खालच्या अंगाला भराव टाकावा लागतो. दोन्हीकडे माती उभी राहते आणि तिला धरायला काहीतरी लागतं. आजोबांच्या काळात हे काम गडगा करायचा. जांभ्याचे चिरे किंवा जमीन करताना निघालेले काळे दगड एकावर एक कोरडेच रचलेले, बुडाशी रुंद, वर निमुळते, किंचित मातीकडे रेललेले. चुना नाही, सिमेंट नाही. पावसाळ्यात गडग्याच्या फटीफटीतून पाणी झिरपायचं, नेचे उगवायचे, खेकडे आत-बाहेर करायचे. एखादा दगड निसटला तर दिवाळीनंतर तो पुन्हा बसवायचा, एवढीच देखभाल.

आमच्या घरामागचा गडगा काढून वडिलांनी तिथे काँक्रीटची भिंत घातली. आठ फूट उंच, सहा इंच जाड. पुढून गिलावा, वर पिवळा रंग. गावात तशी दुसरी नव्हती आणि वडिलांना तिचा अभिमान होता. दुसऱ्या पावसाळ्यात तिचं डोकं चार इंच पुढे आलं. बुडापासून हातभर उंचीवर आडवी भेग पडली. माती खाली यायच्या आत ती आम्हीच पाडली. पाडताना एकेक गोष्ट उघडी पडत गेली. सळया मातीच्या बाजूला हव्या होत्या, त्या पुढच्या तोंडाला होत्या. पाया होता, पण तो मागच्या भरावाखाली पसरलेला नव्हता. पाणी बाहेर पडायला नळ्या होत्या, पण त्यांची मागची तोंडं चिकणमातीने लिंपल्यासारखी बंद झालेली होती. पुढच्या बाजूला बोट ठेवायला जागा नव्हती. चुका सगळ्या पाठीला होत्या आणि त्या मातीआड गेल्यावर कुणाला दिसणार?

म्हणून या प्रकरणात आपण भिंतीची पाठच पाहणार आहोत.

आधी या भिंतीवर येतं काय, ते समजून घेऊ. घराची भिंत वरून येणारं वजन खाली नेते. मातीला अडवणाऱ्या भिंतीला आडवा रेटा सोसायचा असतो, आणि आडव्या रेट्याचा अंदाज आपल्या डोळ्याला येत नाही. दहा फूट, म्हणजे ३ मीटर उंचीची भिंत घ्या. मागे कोरडा, मोकळा मुरूम आहे, घनमीटरला १.८ टन वजनाचा. अशा मुरमाचा आडवा दाब त्याच्या उभ्या दाबाच्या साधारण एक तृतीयांश असतो, कारण कण एकमेकांना घासून एकमेकांना बरंचसं धरून ठेवतात. हिशेब केला की भिंतीच्या दर मीटर लांबीवर २.७ टनांचा रेटा येतो. आता आषाढातला पाऊस लागला आणि पाणी भिंतीमागे वरपर्यंत तुंबलं, असं धरा. पाण्याच्या कणांना घर्षण ठाऊक नाही. ते जेवढं खाली दाबतं तेवढंच आडवंही दाबतं. एकट्या पाण्याचा रेटा होतो ४.५ टन. पाण्यात बुडालेल्या मुरमाचं वजन हलकं झालं तरी त्याचा दीड टन उरतोच. एकूण ६ टन. तीच भिंत, तीच माती, आणि रेटा दुपटीहून जास्त.

गडग्याला या ६ टनांची गाठ कधी पडायचीच नाही. पाणी तुंबायला त्याने जागाच ठेवलेली नसायची. काँक्रीटची भिंत मात्र आपण नकळत धरणासारखी बांधतो आणि ताकद देतो कंपाउंडच्या भिंतीची.

हे गणित अडीचशे वर्षांपूर्वीचं आहे. शार्ल कुलोम हा फ्रेंच लष्करी इंजिनिअर १७६४ ते १७७२ या काळात कॅरिबियन समुद्रातल्या मार्तिनिक बेटावर किल्ला बांधत होता. विजेच्या प्रभारांमधल्या बलाचा नियम शोधणारा तो हाच कुलोम. किल्ल्याच्या तटाला मागची माती नेमकी किती रेटते, हा प्रश्न त्याला तिथे रोज पडे. परतल्यावर १७७३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे त्याने त्याचं उत्तर मांडलं: भिंत जराशी पुढे सरकली की मागे मातीची पाचर सुटते आणि तीच भिंतीला ढकलते. ग्लासगोच्या रँकिनने १८५७ मध्ये तेच आणखी सुटसुटीत केलं. मातीच्या कणांमधलं पाणी हा स्वतंत्र हिशेब आहे, हे नीट उलगडायला मात्र कार्ल टेर्झागी यावा लागला, १९२५ मध्ये. आपल्याकडे चूक होते ती बहुतेक वेळा या तिसऱ्या माणसाच्या धड्यावर.

उंचीबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवावी. उंची दुप्पट केली की रेटा चौपट होतो आणि भिंतीला उलथवणारा जोर आठपट. शेजाऱ्याची पाच फुटी भिंत दहा वर्षं टिकली म्हणून त्याच मापाने आपली दहा फुटी बांधणं धोक्याचं आहे. माझं मत स्पष्ट आहे: चार फुटांपर्यंत माती असेल आणि वर घर, गाडी, टाकी काहीच नसेल तर चांगला गडगा घाला. तो रचणारे हात अजून गावोगावी आहेत. त्याहून उंच भिंत स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या नकाशाशिवाय बांधू नका. जागा असेल तर एका दहा फुटी भिंतीऐवजी पाच-पाच फुटांचे दोन टप्पे करा, पण दोन टप्प्यांत निदान दहा फुटांचं अंतर राहू द्या. वरची भिंत खालचीला चिकटून बांधली तर तिचा सगळा भार खालच्या भिंतीच्या पाठीवर येतो.

आता पाया. काँक्रीटच्या भिंतीचं रूप बाजूने पाहिलं तर उलट्या टी अक्षरासारखं असतं. जमिनीखालच्या आडव्या भागाला माणसाच्या पावलाची नावं आहेत. पुढे निघतो तो चवडा, मागे मातीखाली जाते ती टाच. टाचेवर मागच्या मातीचं वजन बसतं आणि तेच वजन भिंतीला मागे खेचून धरतं. ढकलणारी माती आणि धरून ठेवणारी माती एकच, ही या रचनेची खरी हुशारी. टाच नसेल तर भिंत पंजांवर उभ्या माणसासारखी होते. पायाची एकूण रुंदी भिंतीच्या उंचीच्या निम्म्यापासून सत्तर टक्क्यांपर्यंत लागते. दहा फूट भिंतीला पाच ते सात फुटांचा पाया. हा आकडा ऐकून लोक दचकतात, कारण त्यांनी दोन फुटांचा चर खणून ठेवलेला असतो.

इथे शेजाऱ्याचा प्रश्न येतो. वरची जमीन दुसऱ्याची असेल आणि भिंत नेमकी हद्दीवर घ्यायची असेल, तर टाच त्याच्या जमिनीखाली जाते. त्याची संमती नसताना ती तशी नेता येत नाही. मग इंजिनिअर भिंतीचा पाय पुढे वळवतो, सगळी रुंदी चवड्याला देतो आणि घसरण अडवायला पायाखाली काँक्रीटची एक दाढ काढतो. अशी भिंत जाड होते, महाग होते. पण ही गोष्ट खोदाईच्या आधी कळायला हवी. जेसीबी येऊन शेजाऱ्याच्या आंब्याची मुळं उघडी पडल्यावर कळून उपयोग नाही.

पाया मूळ जमिनीत बसला पाहिजे, भरावावर कधीही नाही. वरचा जांभा पक्का दिसतो, पण खाली कित्येक ठिकाणी पांढरट-पिवळी माती, म्हणजे शेडी, असते. कोरडी असताना ती घट्ट वाटते आणि भिजली की लोण्यासारखी होते. चवड्याखाली अशी माती आली तर भिंत अख्खीच्या अख्खी, एकही भेग न पडता, पुढे कलते. पाया खणल्यावर इंजिनिअरला तळ दाखवल्याशिवाय त्यावर पीसीसी, म्हणजे बिनसळईचं साधं काँक्रीट, ओतू नये.

खोदाईचं काम दिवाळीनंतर धरावं आणि भराव धरून सगळं मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावं. डोंगराचा उभा काप पावसाच्या तोंडावर उघडा ठेवणं म्हणजे त्याखाली काम करणाऱ्या माणसांच्या जिवाशी खेळ आहे. लांब भिंत असेल तर अख्खा काप एका दिवसात काढू नये. दहा-बारा फुटांचा एक तुकडा कापावा, पुढचा सोडावा, त्यापुढचा कापावा. कापाच्या वरच्या कडेला निघालेल्या मातीचा ढीग रचू नये. वरून वाकून पाहायला मुलं येतात, त्यांना आधी लांब करावं.

सळयांपाशी आलो की मला थांबावंच लागतं, कारण आमची भिंत इथेच हरली. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही, ताणासाठी सळई. आता भिंत पुढे वाकू पाहते, तेव्हा ताणली जाते तिची पाठ, म्हणजे मातीकडची बाजू. एक जाड रबर बुडाशी घट्ट धरा आणि वरून पुढे ढकला. मागची बाजू ताणलेली दिसेल, पुढची दबलेली. म्हणून उभ्या मुख्य सळया मातीच्या बाजूला हव्यात. पायात याच तर्काने टाचेच्या सळया वरच्या अंगाला येतात, कारण टाचेला वरची माती खाली वाकवते, आणि चवड्याच्या सळया खालच्या अंगाला, कारण त्याला जमीन वर ढकलते. घराच्या कॉलम-फुटिंगची सवय असलेला फिटर सगळी जाळी खालीच टाकतो. त्याचा दोष नाही, त्याने आयुष्यभर तेच केलेलं असतं.

चुकीची किंमत किती? नऊ इंची भिंतीत सळया मागच्या बाजूऐवजी मधोमध बसल्या तर भिंतीची वाकण सोसायची ताकद एक तृतीयांशाहून जास्त घटते. त्या पुढच्या तोंडाला गेल्या तर ताकद जेमतेम पाव उरते. लोखंड तेवढंच लागलं, बिल तेवढंच आलं, आणि भिंत पावपटीची. काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी स्वतः सेंट्रिंगमध्ये डोकावून फक्त एवढंच पाहा की जाड सळया मातीकडे आहेत ना. ते कळायला इंजिनिअर असावं लागत नाही.

दुसरी जागा जोडाची. पायातून वर येणाऱ्या सळया आणि भिंतीच्या सळया एकमेकींना चिकटून पुरेशा लांबीने बांधाव्या लागतात. नेहमीच्या पाचशे ग्रेडच्या सळईला एम २५ काँक्रीटमध्ये ही लांबी सळईच्या जाडीच्या पन्नासपट धरतात. १२ मिलिमीटरच्या सळईला ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट. साइटवर वीतभर तुकडा वर काढून ‘होतंय की’ म्हणतात. भिंतीवरचा सर्वात मोठा जोर नेमका याच बुडाच्या जागी येतो. जोडापाशी जुन्या काँक्रीटवर सायीसारखा मऊ थर साचलेला असतो. तो तारेच्या ब्रशने खरवडून, धुऊन काढल्याखेरीज पुढचं काँक्रीट ओतू नये. आमच्या भिंतीची आडवी भेग अशाच जोडावर होती.

सळईवर काँक्रीटचं पांघरूण, म्हणजे कव्हर, किती हवं, हे आयएस ४५६ या भारतीय मानकात दिलेलं आहे. पायाला ५० मिलिमीटर. समुद्राच्या वाऱ्याला उघड्या भिंतीला ४५. तिथे काँक्रीटही निदान एम ३० लागतं. समुद्रापासून आत, वाऱ्याआड असलेल्या गावात एम २५ चालतं. घमेल्याच्या मापाने करायचं काँक्रीट हेच मानक एम २० पर्यंतच मान्य करतं. त्यापुढे डिझाइन मिक्स लागतं. लांबच्या वाडीत आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची गाडी पोहोचत नसेल तर प्रयोगशाळेकडून मिक्स करून घ्यावं आणि साइटवर वजनाने माल मोजावा. कव्हर ब्लॉक म्हणून दगडाची कपची, फरशीचा तुकडा, लाकडाची ढपली चालत नाही. कव्हर ब्लॉक काँक्रीटचेच, तारेने बांधलेले.

किनाऱ्यावर खाडीची वाळू हा मोठा मोह आहे. ती दारात मिळते. तिच्यातलं मीठ सळईला आतून गंज चढवतं, गंज फुगतो आणि काँक्रीटचे पापुद्रे उडतात. सळयांच्या काँक्रीटमध्ये घनमीटरला ०.६ किलोपेक्षा जास्त क्लोराइड असू नये, अशी मर्यादा आहे. क्रश सँड घ्या. खारट विहिरीचं पाणीही घेऊ नका, ना मिसळायला, ना मारायला.

पाण्याच्या मापावर रोज भांडण होतं. पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.४५ असेल तर ५० किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर पाणी, वाळूतला ओलावा धरून. काँक्रीट घट्ट वाटलं की कुणीतरी बादली ओततं. काम सोपं होतं, पण सुकल्यावर त्या जास्तीच्या पाण्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. प्लास्टिसायझर वापरायला सांगा, बादली हातातून काढून घ्या. काँक्रीट दीड मीटरपेक्षा उंचावरून सोडू नये. खडी खाली जाते, रस वर राहतो. फूट-दीड फुटाच्या थरांनी ओतावं आणि व्हायब्रेटर खालच्या थरात शिरेपर्यंत घालावा. सेंट्रिंग उघडल्यावर मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसली तर त्यावर गिलावा मारू देऊ नका, आधी इंजिनिअरला दाखवा. पाणी मारण्याची मुदत ठरलेली आहे. हल्ली बहुतेक गोण्या पीपीसी सिमेंटच्या असतात. त्याला किमान दहा दिवस, उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत चौदा. बारदान गुंडाळून ते ओलं ठेवावं. उभ्या भिंतीवर सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवला तर दुपारपर्यंत सगळं सुकतं.

आता निचरा. इथे कंजुषी केली तर वरचं सगळं फुकट जातं. भिंतीत तीन-चार इंचांच्या पीव्हीसी नळ्या, दीड-दीड मीटरवर, आडव्या-उभ्या दोन्ही अंतराने, वरची ओळ खालचीच्या मधल्या जागेत. सर्वात खालची ओळ पुढच्या जमिनीपासून वीतभर वर. नळ्यांचा उतार बाहेरच्या बाजूला. सांगायला नको वाटतं, पण मातीकडे उतार दिलेल्या नळ्या मी पाहिल्या आहेत. काँक्रीट ओतताना नळ्यांची तोंडं कागद कोंबून बंद करतात; तो कागद काढायला विसरतात.

नुसत्या नळ्यांनी भागत नाही. मागे माती थेट टेकली तर एक-दोन पावसाळ्यांत नळी बंद होते, आमची झाली तशी. भिंतीच्या पाठीला बुडापासून वरच्या एका फुटापर्यंत फूटभर जाडीचा स्वच्छ खडीचा पट्टा हवा आणि खडी व माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइलचं कापड. कापड पाणी सोडतं, माती अडवतं. खडीच्या तळाशी भोकाचा पाइप ठेवून तो भिंतीच्या टोकाशी बाहेर काढला तर फारच उत्तम. वरचा शेवटचा फूट मात्र चिकणमातीने बंद करायचा, म्हणजे पावसाचं पाणी थेट खडीत उतरत नाही. आणि भिंतीच्या वर, काही फूट मागे, डोंगराकडून येणारं पाणी वळवणारा पक्का चर. कोकणच्या किनाऱ्यावर चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याला वाट आधी द्यायची, भिंत नंतर बांधायची. जुना पऱ्या, म्हणजे ओहोळ, वाटेत येत असेल तर भिंत हलवा, पऱ्या नाही.

शहरात हे प्रश्न सुटले आहेत असं कुणी समजू नये. २९ जून २०१९ ला मध्यरात्रीनंतर पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची भिंत शेजारच्या खोदकामाजवळच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ माणसं गेली. तीनच दिवसांनी, मालाडच्या पिंपरीपाड्यात डोंगरावरच्या जलाशयाची भिंत वस्तीवर आली. पंचवीसहून जास्त माणसं गेली. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ३७५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. दोन्हीकडे खाली झोपलेल्या माणसांचा त्या भिंतीच्या बांधकामाशी काहीही संबंध नव्हता.

भराव घालायची घाई बहुतेक वेळा जेसीबीच्या भाड्यापायी होते. काँक्रीटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरतात, तोवर थांबावं. काळी माती भिजली की फुगते, ती भरावाला वर्ज्य. मुरूम आठ-नऊ इंचांच्या थरांनी टाकावा आणि भिंतीलगतचे तीन-चार फूट हाताच्या धुम्मसाने किंवा लहान यंत्राने चोपावेत. जेसीबीचं चाक भिंतीच्या कडेला नेऊ नये. पुढे त्या सपाट झालेल्या जागेत काय येणार, ते नकाशा काढतानाच इंजिनिअरला सांगून ठेवा. दहा हजार लिटरची टाकी म्हणजे दहा टन. संडासाचा शोषखड्डा भिंतीमागे खणला तर तो बाराही महिने पाणी पुरवत राहतो. तो लांब न्या.

नवी भिंत आम्ही पुढच्या उन्हाळ्यात बांधली. इंजिनिअरने ती मुद्दाम मातीकडे किंचित रेललेली घेतली, पन्नासाला एक या प्रमाणात. भार आल्यावर भिंत थोडी पुढे येतेच, मग ती सरळ दिसते. आजोबांचा गडगाही असाच रेललेला होता. वडिलांनी या वेळी गिलावा करू दिला नाही. भिंतीच्या डोक्यावर तीन खिळे ठोकले आणि मिरग निघायच्या आदल्या दिवशी तिन्ही ठिकाणी ओळंबा सोडून बुडापर्यंतचं अंतर वहीत लिहिलं. तेव्हापासून दर वर्षी मिरगाला आणि दसऱ्याला ते माप घेतलं जातं. हल्ली ओळंबा मी धरतो आणि ते आकडा लिहितात.

पहिल्या पावसात ते छत्री घेऊन भिंतीसमोर उभे होते. पहिल्या दिवशी नळ्यांतून काहीच आलं नाही आणि ते अस्वस्थ झाले. दुसऱ्या दिवशी खालच्या ओळीतून लाल, गढूळ पाणी आलं. गढूळ पाणी चालूच राहिलं तर समजायचं की कापड कुठेतरी फाटलंय आणि मागची माती वाहून जातेय, हे इंजिनिअरने सांगून ठेवलं होतं. त्यांनी एका बाटलीत ते पाणी भरून ओट्यावर ठेवलं. तिसऱ्या दिवशी दुसरी बाटली, चौथ्या दिवशी तिसरी. चौथी बाटली त्यांनी भरली नाही. तिसरीतलं पाणी विहिरीच्या पाण्याइतकं स्वच्छ होतं.